एका नावाचे दोन धनी

मु. पो. जव्हार, ता. जव्हार. पाकिटावर आपण जव्हार दोनदा लिहितो, तरी पोस्टमन गोंधळत नाही. कारण आधी 'मु. पो.' आहे, मग 'ता.' आहे. बरं, जव्हार नावाचं संस्थानही होतं, १९४८ साली विलीन झालेलं. आणि वारली? जमातही वारली, बोलीही वारली, चित्रंही वारली. बोलताना आपलं अडत नाही, ऐकणारा संदर्भ लावून घेतो. यंत्र मात्र नियमाने चालतं.

आता डेटाबेसकडे येऊ. त्यात साठवून ठेवलेलं फंक्शन म्हणजे नाव दिलेली एक कृती, आणि तिला बाहेरून पुरवलेलं मूल्य म्हणजे पॅरामीटर. समजा, गावांच्या तक्त्यात 'तालुका' हा रकाना आहे आणि पॅरामीटरलाही आपण 'तालुका'च म्हटलं. हेतू असा की 'मोखाडा' सांगितल्यावर फक्त मोखाड्याच्या नोंदी पुसाव्यात. अट लिहिली: तालुका = तालुका. ओरॅकल इथे दोन्हीकडे रकानाच धरतो. प्रत्येक ओळीतला तालुका स्वतःशी समान असणारच! मोखाड्याबरोबर जव्हार, वाडा, डहाणू, सगळं साफ; आणि चुकीची सूचनाही नाही. मायएसक्यूएल उलट दोन्हीकडे पॅरामीटर धरतो. फळ तेच. तर्कशास्त्रात ज्याला आम्ही तादात्म्य म्हणून शिकवत आलो, ते इथे गावंच्या गावं पुसतं.

उपाय मात्र जुना आहे. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली अज्ञात राशींना रंगांची नावं वापरली. भास्कराचार्यांच्या बीजगणितात, म्हणजे ११५० च्या सुमारास, अज्ञातांना 'या', 'का', 'नी' ही आद्याक्षरं आहेत आणि ज्ञात संख्येआधी 'रू'. अक्षर पाहिलं की राशीची जात कळते. (त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवाने मठ काढला, तो आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला, शिलालेख आहे.) फ्रान्समध्ये व्हिएतने १५९१ साली अज्ञातांना स्वर दिले, ज्ञातांना व्यंजनं. देकार्तने १६३७ साली वर्णमालेची शेवटची अक्षरं अज्ञातांसाठी राखली, ती शाळेत अजून चालतात.

आजचे प्रोग्रामर पॅरामीटरआधी 'पी' आणि स्थानिक चलाआधी 'व्ही' लावतात. काहींना ते कुरूप वाटतं. वाटो, 'रू' तरी कुठे देखणा होता?

पोस्टग्रेसने २०१० साली, ९.० या आवृत्तीत, वेगळाच पवित्रा घेतला. आधी तिथेही चल मुकाट्याने जिंकत असे. आता ते थांबतं आणि विचारतं: हे नाव नक्की कोणाचं?