चामड्याचा भाता

आमच्या मामांची १९५७ सालची मॉरिस मायनर दसऱ्याला झेंडूची माळ निमूटपणे घालून घेते. पण नरकचतुर्दशीच्या गार पहाटे तिला जागे करायचे म्हणजे कुंभकर्णाचीच आठवण व्हावी. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून हवेच्या मानाने पेट्रोल अधिक द्यावे लागते. पुष्कळशा कार्बुरेटरांत त्यासाठी एक झडप हवेची वाट अडवते. इंजिनाचा गळाच आवळायचा म्हणा ना! ‘चोक’ हे नाव त्यावरूनच. मायनरच्या एस. यू. कार्बुरेटरात मात्र कोणाचाही गळा आवळला जात नाही, आणि त्याचे श्रेय एका जोडेविक्याच्या घराण्याकडे जाते.

लंडनच्या ‘लिली अँड स्किनर’ या पेढीच्या घरातला जॉर्ज हर्बर्ट स्किनर याने १९०५च्या सुमारास हा कार्बुरेटर सिद्ध केला. घरात चामड्याला काय तोटा? त्याने चक्क चामड्याचा भाता वापरला. इंजिन जितकी हवा ओढील तितका भाता उचलला जाई, आणि त्याला लावलेली निमुळती सुई वर सरकून त्या मानाने पेट्रोलला वाट देई. धाकटा भाऊ कार्ल धंद्याचा माणूस. १९१० साली एस. यू. कंपनी निघाली, एस. यू. म्हणजे ‘स्किनर्स युनियन’. १९२६ साली ती मॉरिससाहेबांनी विकत घेतली. भात्याच्या जागी पुढे धातूचा दट्ट्या आला, तरी सुई तीच. चोकची मूठ ओढली की सुईभोवतीचे जेटच खाली उतरते, सुईचा बारीक भाग तोंडाशी येतो आणि पेट्रोलची वाट रुंदावते.

एका दिवाळीत फराळाचे डबे पोचवून आलो तो गाडी काळा धूर ओकत होती. “चोक ओढलेलाच ठेवलास!” मामा कडाडले. मी मूठ आत ढकलली होती, पण ऐकतो कोण? जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचे तेल धुऊन नेते आणि इंजिन झिजते. मामांचा राग त्यापायी होता. किल्ली दोन महिने कपाटात राहिली.

शेवटी त्यांनीच बॉनेट उघडले. कुण्या मिस्त्रीने चोकची तार इतकी ताणून बांधली होती की मूठ आत गेली तरी जेट पुरते वर जात नव्हते. मामांनी तारेला जराशी ढील दिली. इंजिन चांगले तापू दिले. मग जेटखालचा षट्कोनी नट एकेक बाजू फिरवायचा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दट्ट्या इंचाचा बत्तिसावा हिस्सा उचलून कान द्यायचा, असे सुरू झाले. इंजिनाचा वेग चढून चढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन बंद पडू लागले तर कमी. वेग किंचित चढून पुन्हा जागेवर आला, तेव्हा कुठे मामांनी मान हलवली. मग आयडलिंगचा स्क्रू थोडा सैल केला. गाडी मांजरीसारखी गुरगुरू लागली.

“ऐक,” मामा म्हणाले, आणि किल्ली माझ्या हातावर ठेवून हात धुवायला गेले.