तळ गाठण्याचं बक्षीस

एप्रिल 1984. अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये ह्यूस्टन रॉकेट्स विरुद्ध सॅन अँटोनियो स्पर्स. सामना जादा वेळेत गेला, तरी ह्यूस्टनच्या प्रशिक्षकांनी एल्विन हेजला एकदाही बाकावर बोलावलं नाही. हेज एकेकाळचा दादा खेळाडू, पण आता 38 वर्षांचा, निवृत्तीला टेकलेला. त्या मोसमात त्याला सामन्यामागे जेमतेम 12 मिनिटं मिळत होती. त्या रात्री तो 53 मिनिटं पळत राहिला आणि ह्यूस्टन हरलं. त्याच्या कारकिर्दीची बेरीज बरोबर 50,000 मिनिटांवर थांबली, त्यामुळे म्हाताऱ्याला आकडा पुरा करू दिला, असंही कुणी म्हणेल. बाकीच्या संघमालकांनी मात्र त्याचा अर्थ सरळ लावला: ह्यूस्टनला हरायचंच होतं.

कारण त्याच गावच्या विद्यापीठात हकीम ओलाजुवॉन खेळत होता. एनबीएच्या नियमाप्रमाणे महाविद्यालयातून येणारे नवे खेळाडू निवडण्याचा पहिला मान तळाच्या संघांना मिळे. पूर्व आणि पश्चिम विभागांतल्या सर्वांत दुबळ्या संघांत नाणेफेक व्हायची आणि जिंकेल त्याची पहिली निवड. आदल्या वर्षी ह्यूस्टननं अशाच नाणेफेकीत राल्फ सॅम्पसन मिळवला होता. 1984 मध्येही नाणं त्यांच्याच बाजूनं पडलं.

ही उलटी रांग बास्केटबॉलची नव्हे. अमेरिकन फुटबॉलमधल्या फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी ती सुचवली आणि 1936 मध्ये नवख्यांच्या निवडीचा असा पहिला ड्राफ्ट झाला. दुबळ्याला आधी वाढायचं, म्हणजे चुरस टिकेल, हे त्याचं सांगण्याचं कारण. न सांगण्याचं कारण असं की, एकदा एका संघानं नाव घेतलं की त्या पोराला दुसरं गिऱ्हाईकच उरत नाही. भाव आपोआप पडतो. एनबीएची पूर्वज असलेली लीग 1946 मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्या मोसमात तिथे पगाराचीही मर्यादा होती, संघामागे 55,000 डॉलर. ती एका वर्षात गळाली. 1947 मध्ये ड्राफ्ट आला, तो मात्र राहिला.

पुढे पगाराची मर्यादा परत आली ती लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या 1983 च्या करारातून. काही संघ बुडायला आले होते. खेळाडूंना एकूण उत्पन्नाच्या 53 टक्के वाटा द्यायचा आणि बदल्यात 1984-85 पासून प्रत्येक संघाचा पगारखर्च 36 लाख डॉलरच्या आत ठेवायचा, असं ठरलं. आपला जुना खेळाडू राखण्यासाठी मर्यादा ओलांडायची मुभाही ठेवली. बोस्टनच्या लॅरी बर्डच्या नावानं ती पळवाट आजही ओळखली जाते.

त्याच मोसमाच्या शेवटी, 12 मे 1985 रोजी, न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात नाणेफेकीऐवजी पहिली लॉटरी निघाली. 7 संघ, 7 पाकिटं, पारदर्शक पिंप. न्यूयॉर्क निक्सना पॅट्रिक युईंग मिळाला आणि निक्सचं पाकीट हाताला गार लागून ओळखता यावं म्हणून आधी बर्फात ठेवलं होतं ही दंतकथा त्याच दिवशी जन्माला आली. लोक या दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगतात: पगाराची मर्यादा हिशेबनिसांची आणि लॉटरी खेळाच्या इभ्रतीची. मला त्या सख्ख्या बहिणी वाटतात. पैसे ओतून संघ बांधायची वाट जितकी अरुंद झाली, तितकी ड्राफ्टमधल्या पहिल्या नावाची किंमत चढत गेली.

लॉटरीची डागडुजी तेव्हापासून चालूच आहे. सगळ्यांना समान संधी दिली तर सर्वांत दुबळ्यावर अन्याय, म्हणून 1990 पासून तळाच्या संघाला 66 पैकी 11 संधी. मग 1993 मध्ये 41 सामने जिंकलेल्या ऑर्लँडोनं 66 पैकी एकुलत्या एका संधीवर पहिला क्रमांक पटकावला, तेव्हा मालकांनी पुन्हा ओरड केली. मग चेंडूंचं यंत्र आलं. 1 ते 14 आकड्यांचे 14 चेंडू, त्यातले 4 काढायचे, क्रम पाहायचा नाही. अशा जुळण्या होतात 1001. त्यातल्या हजार संघांना वाटतात आणि 11-12-13-14 ही जुळणी कुणाचीच नाही. ती निघाली तर परत काढायचं. हे सगळं बंद खोलीत, आतल्यांचे फोन काढून घेऊन. टीव्हीवर दिसतो तो फक्त निकाल उघडण्याचा सोहळा.

पण खरी गाठ पडली ती पगाराच्या बाजूनं. 1994 मध्ये पहिल्या क्रमांकानं निवडलेल्या ग्लेन रॉबिन्सननं एकही सामना न खेळता मिलवॉकीकडून 10 वर्षांचे 6 कोटी 80 लाख डॉलर वसूल केले. पुढच्याच वर्षी नवख्यांच्या पगाराचं ठरीव कोष्टक आलं. 1997 मध्ये मिनेसोटानं 21 वर्षांच्या केविन गार्नेटला 6 वर्षांचे 12 कोटी 60 लाख दिले, त्यावरून मालक बिथरले, टाळेबंदी झाली आणि मोसम 50 सामन्यांवर आला. त्या तडजोडीतून एका खेळाडूला जास्तीत जास्त किती द्यायचं याचीही सीमा ठरली.

आता गणित पाहा. लीगमधला सर्वोत्तम खेळाडू आणि बऱ्यापैकी चांगला खेळाडू यांच्या पगारात फार फरक उरला नाही, कामगिरीत मात्र जमीन-अस्मानाचा. म्हणजे मोठा तारा हा मिळेल त्या भावात स्वस्तच. करार संपलेला तारा लॉस एंजेलिसला जाईल, मायामीला जाईल. सॉल्ट लेक सिटीला कशाला जाईल? अशा गावांना एकच दार उघडं, ड्राफ्टचं, आणि तिथे कोष्टकामुळे चार वर्षं अगदीच कमी पैशात. आपल्या आयपीएलमध्येही संघांच्या खर्चाला मर्यादा आहे, पण तिथे लिलाव होतो. शेवटचा नंबर आला म्हणून बोली लावायचा जादा हक्क कुणाला मिळत नाही. त्यामुळे तिथे मुद्दाम तळाला जाऊन पदरात काहीच पडत नाही.

फिलाडेल्फियाच्या बास्केटबॉल संघाचे सरव्यवस्थापक सॅम हिंकी यांनी 2013 पासून हे गणित लाजलज्जा न ठेवता मांडलं. पहिल्या मोसमात 19 विजय, दुसऱ्यात 18, तिसऱ्यात 10. एप्रिल 2016 मध्ये ते 13 पानी राजीनामा लिहून गेले. त्या पराभवांतून जोएल एम्बीड मिळाला, तो पुढे लीगचा सर्वोत्तम खेळाडूही ठरला. अजिंक्यपद काही आलं नाही. माणूस हट्टी होता, पण लबाड नव्हता. बाकीचे जे कुजबुजत करत होते, ते त्यानं कागदावर मांडलं इतकंच.

2019 पासून तळाच्या तिन्ही संघांना सारखीच, 14 टक्के संधी मिळू लागली. 2023, 2024 आणि 2025 अशी सलग तीन वर्षं सर्वांत जास्त हरलेला संघ पाचव्या क्रमांकावर घसरला. 2025 ला तर 1.8 टक्के संधी असलेल्या डॅलसला कूपर फ्लॅग मिळाला आणि 65 सामने हरलेलं यूटा हात चोळत बसलं. तरी हरणं थांबलेलं नाही. एकाऐवजी बरेच संघ थोडं थोडं हरतात. दंडही होतात. एप्रिल 2023 मध्ये डॅलसनं ऐन मोक्याच्या सामन्यात भले खेळाडू बसवून ठेवले, त्याबद्दल साडेसात लाख डॉलर. इतक्या श्रीमंत मालकाला हे चहापाणी.

ड्राफ्टच मोडीत काढा, असं अर्थशास्त्र जाणणारे अधूनमधून सुचवतात. पोरांना हव्या त्या संघाशी करार करू द्या, हरण्याचं बक्षीसच संपेल. ते होत नाही, कारण मालकांना नवखे स्वस्त हवे असतात आणि त्यांच्यावर वाचलेला पैसा आजच्या खेळाडूंच्याच वाट्याला येतो. लीगशी होणाऱ्या करारावर संघटनेतले खेळाडू मत देतात. ज्याचा पगार कोष्टकात बसवायचा, तो तेव्हा शाळेच्या संघात खेळत असतो.