सोव्हिएत लष्करी पदके : संग्रह आणि प्रश्नचढाओढ

सोव्हिएत राजवटीने १९१८ ते १९९१ या काळात दिलेल्या लष्करी सन्मानचिन्हांचा संग्रह, आणि त्यांच्या संग्राहकांमध्ये रूढ असलेला परस्परांना प्रश्न घालण्याचा खेळ. खेळाचे नियम थोडेच. एकाने प्रश्न टाकायचा : एखाद्या पदकाची मागची बाजू, सेनाधिकाऱ्याच्या छातीचे छायाचित्र किंवा नुसते एखादे वर्ष. ज्याचे उत्तर बरोबर, पुढचा प्रश्न त्याचा. वरवर ही सामान्यज्ञानाची करमणूक दिसते. प्रत्यक्षात यातले बहुतेक चांगले प्रश्न अस्सल आणि बनावट वेगळे करण्याच्या कसोट्याच असतात, आणि खेळात मुरलेला माणूस विकत घेताना सहसा फसत नाही. दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषेची सोव्हिएत परंपरा (‘श्तो? ग्दे? कग्दा?’, १९७५ पासून) वेगळी, तिचा या खेळाशी थेट संबंध नाही.

सन्मानांची उतरंड : सोव्हिएत व्यवस्थेत तीन थर होते. सर्वांत वर ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा किताब (१६ एप्रिल १९३४), त्याखाली ऑर्डर, आणि त्याखाली मेडल. मराठीत तिन्हींना सरसकट ‘पदक’ म्हणतात. प्रश्नचढाओढीत मात्र हा घोळ चालत नाही. वीर किताबाबरोबर ऑर्डर ऑफ लेनिन मिळत असे. सोन्याचा तारा नंतर, १ ऑगस्ट १९३९ रोजी आला. पहिले वीर सात वैमानिक होते. आर्क्टिकच्या बर्फात अडकून बुडालेल्या ‘चेल्युस्किन’ जहाजावरील लोकांना त्यांनी सोडवून आणले होते. पहिला क्रमांक अनातोली ल्यापिदेव्हस्की यांचा. म्हणजे या सर्वोच्च लष्करी किताबाची सुरुवात लढाईने झालीच नाही. शेवटचे मानकरी पाणबुडे अधिकारी लिओनिद सोलोदकोव्ह. हुकूम निघाला २४ डिसेंबर १९९१ ला, तारा हाती पडला १६ जानेवारी १९९२ ला. तोवर ज्या देशाचे ते वीर, तो देशच उरला नव्हता.

पहिली ऑर्डर म्हणजे रेड बॅनर (१६ सप्टेंबर १९१८). तिचे पहिले मानकरी वासिली ब्ल्युखेर. १९३० मध्ये सुरू झालेल्या रेड स्टारचेही पहिले मानकरी तेच. १९३८ मध्ये ते कोठडीत मेले. याच वर्षी सोव्हिएत संघाचे पहिले मेडल निघाले : लाल सेनेच्या विसाव्या वर्धापनदिनाचे. ऑर्डर ऑफ लेनिनची (६ एप्रिल १९३०) पहिली मानकरी व्यक्ती नसून ‘कोम्सोमोल्स्काया प्राव्दा’ हे वृत्तपत्र आहे. नवख्याला अडकवायला हा प्रश्न हमखास घालतात.

युद्धकाळातील ऑर्डर : ‘पेट्रिऑटिक वॉर’ (२० मे १९४२) ही वर्ग असलेली पहिली सोव्हिएत ऑर्डर. मानकऱ्याच्या मृत्यूनंतर बाकीच्या ऑर्डर सरकारजमा कराव्या लागत, ही घरच्यांकडे राहू शके. १९७७ नंतर ती मुभा सर्वच ऑर्डरना मिळाली. १९८५ मध्ये विजयाच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त हयात सैनिकांना ही ऑर्डर सरसकट वाटली गेली. म्हणून युद्धकाळातील नग आणि १९८५ चा नग यांच्या किमतीत जमीनअस्मानाचा फरक पडतो. पहिल्या वर्गाच्या युद्धकालीन नगात सोने वापरलेले आहे, १९८५ च्या नगात चांदीवर मुलामा.

सुवोरोव्ह, कुतुझोव्ह आणि अलेक्सांदर नेव्हस्की या तीन ऑर्डर एकाच दिवशी, २९ जुलै १९४२ रोजी स्थापन झाल्या. तेराव्या शतकातील नेव्हस्कीचे हयातीतले चित्र उपलब्ध नव्हते. तेव्हा चित्रकार तेल्यातनिकोव्ह यांनी आयझेन्स्टाइनच्या १९३८ च्या चित्रपटात नेव्हस्की साकारणाऱ्या निकोलाय चेरकासोव्हचाच चेहरा घेतला. सेनापतीच्या नावाच्या ऑर्डरवर नटाचा चेहरा, हे या क्षेत्रातील सर्वांत झिजलेले कोडे आहे. जाणकार आता ते विचारतही नाहीत. बोगदान ख्मेल्नित्स्की (१० ऑक्टोबर १९४३) या ऑर्डरवरचे नाव युक्रेनियन लेखनपद्धतीने कोरलेले आहे, रशियन नव्हे. नकली नगांत ही लेखनपद्धत चुकल्याचे आढळते.

‘व्हिक्टरी’ (८ नोव्हेंबर १९४३) ही प्लॅटिनम आणि हिऱ्यांची. एकूण वीस वेळा दिली गेली. झुकोव्ह, वासिलेव्हस्की व स्टालिन यांना दोनदा. परदेशी मानकरी पाच : आयझेनहॉवर, माँटगोमेरी, टिटो, पोलंडचे रोला-झिमिएर्स्की आणि रुमानियाचा राजा मिहाई. कम्युनिस्ट राज्याची सर्वोच्च लष्करी ऑर्डर राजाला, आणि तो सर्व मानकऱ्यांत शेवटपर्यंत (२०१७) जगला. ब्रेझनेव्हला १९७८ मध्ये दिलेली ऑर्डर १९८९ मध्ये रद्द झाली. त्यामुळे ‘एकूण मानकरी किती?’ या प्रश्नाला सतरा व सोळा अशी दोन्ही उत्तरे मिळतात. प्रश्न घालणाऱ्याने तारीख सांगितली पाहिजे.

‘व्हिक्टरी’च्याच दिवशी सुरू झालेली ‘ग्लोरी’ शिपाई व सार्जंट यांच्यासाठी (शिवाय हवाई दलातील कनिष्ठ लेफ्टनंट). तिसऱ्या वर्गापासून वर चढत जायचे. तिन्ही वर्ग मिळवलेले आणि शिवाय सोव्हिएत संघाचे वीर असलेले चौघेच : आल्योशिन, द्राचेन्को, दुबिंदा, कुझ्नेत्सोव्ह. नौदलाच्या ऑर्डर : उशाकोव्ह व नाखिमोव्ह (३ मार्च १९४४).

रेड स्टार : प्रस्तुत नोंदीत या एका ऑर्डरला जास्त जागा दिली आहे, कारण संग्राहकाच्या हाती सर्वाधिक तीच येते. अडतीस लाखांहून अधिक दिल्या गेल्या. चांदीची, गडद लाल मिन्याची पाच टोकांची चांदणी. मध्यभागी रायफल घेतलेला शिपाई आणि भोवती जगातील कामगारांनो एक व्हा ही घोषणा. वजन सुमारे ३३ ग्रॅम. फीत नाही, मागे मळसूत्र आणि त्याची चकती. पाठीवर टांकसाळीचा शिक्का आणि हाताने कोरलेला अनुक्रमांक. शिक्क्यात आधी ‘मोंदव्होर’ असे संक्षिप्त रूप, पुढे ‘मोनेत्नी द्व्होर’ असे पूर्ण नाव. अनुक्रमांक लहान आणि शिक्का उशिराचा, असा नग समोर आला की पुढे काही पाहावे लागत नाही. हरवलेल्या ऑर्डरच्या बदली दिलेल्या नगावर रशियन ‘द’ हे अक्षर असते, आणि अनेक विक्रेते त्याला दुर्मीळ प्रकार म्हणून खपवतात. मिन्याचा टवका उडालेला असणे हा दोष खराच. पण अर्धशतक जुना, छातीवर मिरवलेला आणि तरीही निष्कलंक तारा जास्त संशयास्पद.

छायाचित्रावरील प्रश्नाचा एक नमुना येथे देणे उपयुक्त. चित्रात अधिकाऱ्याच्या खांद्यावर नव्या धर्तीच्या पट्ट्या आहेत आणि रेड स्टार डाव्या छातीवर. चित्र केव्हाचे? खांद्यावरच्या पट्ट्या ६ जानेवारी १९४३ च्या हुकमाने परत आल्या. त्याआधी हुद्दा कॉलरवर असे. १९ जून १९४३ च्या हुकमाने रेड स्टार उजव्या छातीवर गेली. म्हणजे चित्र १९४३ च्या पूर्वार्धातले. त्याच चित्रात मेडले आखूड चौकोनी लाल फितीवर असतील तर दुजोरा मिळतो, कारण पंचकोनी पट्टीही त्याच जूनमध्ये आली. आघाडीवर हुकूम पोचायला वेळ लागे, काही जण जुनी सवय सोडत नसत. तेव्हा चार-दोन महिने इकडेतिकडे धरावेत. पण १९४५ च्या म्हणून विकल्या जाणाऱ्या चित्रात तारा डावीकडे असेल, तर किंमत देण्यापूर्वी थांबावे.

दुसरी मेख नोकरीच्या वर्षांची. ४ जून १९४४ च्या हुकमापासून १९५७ पर्यंत लढाऊ सन्मान निव्वळ सेवाकाळासाठीही मिळत : दहा वर्षांना ‘बॅटल मेरिट’ मेडल, पंधरा वर्षांना रेड स्टार, वीस वर्षांना रेड बॅनर, पंचवीस वर्षांना ऑर्डर ऑफ लेनिन. त्यामुळे छाती भरलेली असूनही माणसाने गोळीचा आवाज ऐकलेला नसेल, हे शक्य आहे. पराक्रम आणि पेन्शन वेगळे करायचे तर ऑर्डरची पुस्तिका हवी; तीत प्रत्येक ऑर्डर अनुक्रमांकासह नोंदलेली असते. मूळ शिफारसपत्रे मॉस्कोजवळच्या पोदोल्स्क येथील संरक्षण मंत्रालयाच्या अभिलेखागारात आहेत. पुस्तिकेविना तारा म्हणजे चांदी आणि मिना.

मेडले : ‘फॉर करेज’ (१७ ऑक्टोबर १९३८) हे सैनिकांत सर्वाधिक मान असलेले मेडल. त्यावरील रणगाडा काही नोंदींत टी-२८, काहींत टी-३५. हा प्रश्न स्पर्धेत घेऊ नये. जर्मनीवरील विजयाच्या मेडलावर स्टालिन डावीकडे, म्हणजे नकाशावरच्या पश्चिमेकडे पाहतो आणि जपानवरील विजयाच्या मेडलावर उजवीकडे. जर्मनीचे मेडल सुमारे दीड कोटी लोकांना मिळाले, त्यामुळे किंमत बेताचीच. ९ जून १९४५ ला स्थापन झालेल्या सात शहरांच्या मेडलांत बुडापेस्ट, व्हिएन्ना, बर्लिन व क्योनिग्सबेर्ग ‘जिंकल्या’बद्दल, तर बेलग्रेड, वॉर्सा व प्राग ‘मुक्त केल्या’बद्दल. कोणते शहर कोणत्या गटात, हे मेडलावरच लिहिलेले आहे आणि तेच मॉस्कोचे त्या वेळचे परराष्ट्र धोरण. सातांत राजधानी नसलेले क्योनिग्सबेर्ग एकटेच.

भारतीय मानकरी : १९४४ मध्ये भारतीय सेनेच्या सर्व्हिस कोअरमधील दोघांना रेड स्टार मिळाली : सुभेदार नारायण राव निक्कम आणि हवालदार गजेंद्रसिंह चंद. इराणमार्गे सोव्हिएत सीमेपर्यंत रसद पोचवणाऱ्या वाहतुकीतील कामगिरीबद्दल हा सन्मान होता. निक्कम हे तामिळनाडूचे म्हणून नोंदले गेले आहेत. आडनावाचे मराठी वळण पाहता तंजावरकडच्या मराठी वस्तीची आठवण होते. पण ते अनुमान झाले, आणि आडनावावरून गाव ठरवण्याची खोड या कोशाने आवरलेली बरी. मुद्दा असा की दोघेही बंदूक चालवून नव्हे, तर मालमोटारींचे तांडे चालते ठेवून या यादीत आले.

स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा हे सोव्हिएत संघाचे वीर असलेले एकमेव भारतीय (१९८४). स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत प्रश्न ‘पहिले भारतीय अंतराळवीर कोण?’ इथवर येऊन थांबतो. संग्राहकाचा प्रश्न पुढे जातो : शर्मांच्या ‘सोयूझ टी-११’ यानातील तिघांकडे मिळून अशोकचक्रे किती? उत्तर तीन, शर्मांचे सहप्रवासी मालिशेव्ह आणि स्त्रेकालोव्ह यांनाही ते देण्यात आले. परकीय राज्याचा किताब नागरिकाने स्वीकारू नये असे सांगणारा राज्यघटनेचा अनुच्छेद १८ आणि हा सन्मान यांचा मेळ, हा या नोंदीचा विषय नाही.

महाराष्ट्र : निफाड तालुक्यातील करंजगावात जन्मलेले कामगार पुढारी श्रीपाद अमृत डांगे यांना १९७४ मध्ये ऑर्डर ऑफ लेनिन मिळाली. हा सन्मान मुलकी कारणासाठी. परंतु ऑर्डर तीच, जी सेनापतींच्या छातीवर दिसते. कवी नारायण सुर्वे यांना मिळालेला सोव्हिएत लँड नेहरू पुरस्कार हा या वर्गात येत नाही. पवईची आयआयटी (१९५८) सोव्हिएत मदतीने उभी राहिली, नाशिकजवळ ओझरला मिग विमानांचा कारखाना निघाला, मुंबईच्या गोदीत सोव्हिएत बनावटीच्या क्षेपणास्त्र-नौका आल्या आणि डिसेंबर १९७१ मध्ये त्यांनीच कराचीवर मारा केला. पेडर रोडवरील सोव्हिएत सांस्कृतिक केंद्र आजही रशियन केंद्र म्हणून चालू आहे. एवढ्या वर्दळीतून इथे मागे राहतो तो बहुधा लेनिनच्या बालमुखाचा, मुलांचा पिनेचा बिल्ला. तो पदक नव्हे. घरच्या कपाटात सापडला म्हणून कुणी हुरळून जाऊ नये.

ठाणे–कल्याण–डोंबिवली : या पट्ट्यातील हौशी माणसाला नाण्या-पदकांचा जवळचा बाजार म्हणजे मुंबईचा चोरबाजार (मटण स्ट्रीट) आणि दक्षिण मुंबईतील लिलाव.

कायदा : रशियात सोव्हिएत सन्मानांची खरेदी-विक्री हा फौजदारी गुन्हा आहे (दंडसंहिता, कलम ३२४). बाहेरच्या बाजारात फिरणाऱ्या मालातील मोठा वाटा सोव्हिएत संघ मोडल्यावरच्या हलाखीच्या वर्षांत बाहेर पडला; निवृत्त सैनिकांनी वा त्यांच्या वारसांनी विकलेला. भारतात शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. रेड बॅनरचे आरंभीचे नग आता त्या वयाला पोचले आहेत.

ग्रंथ : इंग्रजीत मॅकडॅनियल व श्मिट यांचे मार्गदर्शक (१९९७), रशियनमध्ये ‘आव्हेर्स’ ही किंमतसूची. मराठीत स्वतंत्र पुस्तक नाही.

फीतपट्ट्या : रेड बॅनर पुन्हा मिळाल्याचा आकडा समोरच्या बाजूस छोट्या ढालीवर असतो, फितीवर नव्हे.