ओहोटीची धावपट्टी : मोटार, बैल आणि पुळणीवरच्या शर्यतींचा इतिहास

१/
२०११ या एकाच वर्षात भारतातील शर्यतींच्या इतिहासात दोन घटना घडल्या. जुलै महिन्यात केंद्र सरकारच्या अधिसूचनेने बैलाचा समावेश प्रदर्शनास व खेळास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत केला. ३० ऑक्टोबरला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर देशातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. एका शर्यतीचे दार बंद होऊ लागले, दुसरीचे उघडले. या दोन्ही छंदांना जोडणारा एक जुना दुवा आहे : ओहोटीची ओली रेती. त्याचाच हा धागा.

२/
अलिबागच्या उत्तरेला थळ. समोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर बांधकाम सुरू केले आणि मुंबईकर इंग्रज व सिद्दी दोघेही हादरले, तो हाच परिसर. या किनाऱ्याचा स्वभाव समजून घ्यायचा तर ओहोटी पाहावी. अलिबागचा कुलाबा किल्ला भरतीला बेट असतो. ओहोटीला तिथे चालत जाता येते. पाणी मागे सरते आणि काही तासांपुरते रुंद, सपाट मैदान उघडे पडते.

३/
कोरड्या पुळणीत चाक रुतते, हे प्रत्येक कोकणवासीयाला ठाऊक आहे. नुकत्याच ओसरलेल्या पाण्याखालची रेती मात्र घट्ट असते, कारण कणांमधले थोडेसे पाणी त्यांना एकमेकांशी धरून ठेवते. त्यात भर म्हणजे ही जमीन रोज दोनदा समुद्र स्वतः सपाट करून देतो. खड्डे नाहीत, वळणे नाहीत, समोर अडथळा नाही. डांबरी रस्ते दुर्मीळ होते त्या काळात यापेक्षा चांगली धावपट्टी कोणती?

४/
जगातील मोटारवेड्यांनी हे लवकर हेरले. अमेरिकेत फ्लोरिडातील ऑर्मंड-डेटोना किनाऱ्यावर १९०३ पासून शर्यती होऊ लागल्या. वेल्समधील पेंडाइनच्या रेतीवर १९२४ मध्ये माल्कम कॅम्पबेल यांनी ताशी २३५ किलोमीटरचा वेग गाठला. १९२७ मध्ये त्याच रेतीवर विक्रमाच्या प्रयत्नात पॅरी-थॉमस यांचा मृत्यू झाला. वेग वाढत गेला तशी पुळण अपुरी पडू लागली. डेटोनाच्या शर्यती १९५९ मध्ये किनारा सोडून बांधीव ट्रॅकवर गेल्या.

५/
थळहून खाडीपलीकडे मुंबई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे मोटार आली. १९१४ मध्ये मोटार वाहनांचा पहिला अखिल भारतीय कायदा झाला, १९१९ मध्ये वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन स्थापन झाली. जे. आर. डी. टाटा तरुणपणी बुगाटी चालवत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन ते विमानाने जुहूला उतरले. जुहूची ती धावपट्टीही समुद्राला लागूनच होती.

६/
मुंबईच्या मोटारप्रेमींनी पुढे याच जुहूच्या धावपट्टीवर शर्यती भरवल्या. मद्रासजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातील रिकामी धावपट्टी होती. तिथे १९५० च्या दशकापासून दरवर्षी गर्दी लोटू लागली. भारतीय मोटार शर्यतीला दीर्घकाळ स्वतःचे घर नव्हते. विमानांसाठी बांधलेली जमीन काही दिवसांपुरती मागून घ्यायची, गवताच्या पेंढ्या रचून वळणे आखायची आणि सोमवारी सगळे परत करायचे, अशी ही उसनवारी होती.

७/
गाड्यांचीही तीच कथा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट आणि पद्मिनी बाहेर पडल्या. स्वातंत्र्यानंतर आयातीवर कडक निर्बंध होते. त्यामुळे जी फियाट मुंबईत टॅक्सी म्हणून धावे, तीच थोडीफार फेरफार करून शर्यतीतही उतरे. विकत घेता येण्याजोगी शर्यतीची गाडी बाजारात नव्हती, म्हणून हौशी चालकाला अर्धा मेकॅनिक व्हावे लागले.

८/
आता बैलांकडे वळू. महाराष्ट्रात बैलांच्या शर्यतींची एकच परंपरा नाही. जुन्नर, खेड, आंबेगावच्या घाटांत चार बैलांचा गाडा चढावर सुटतो. पुढे घोडी असते, गाड्यावर माणूस नसतो आणि निकाल सेकंदांवर ठरतो. सातारा-सांगलीत दोन बैलांची छकडी. विदर्भात शंकरपट, अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट प्रसिद्ध आहे. प्रत्येक ठिकाणची जमीन वेगळी, म्हणून शर्यतीची रीतही वेगळी.

९/
रायगडच्या किनाऱ्यावर ही जमीन म्हणजे पुळण. भाताची कापणी-मळणी उरकली की बैल मोकळे होतात आणि पावसाळ्यापर्यंत शर्यतींचा हंगाम असतो. इथे शर्यतीची वेळ घड्याळाइतकीच तिथीवर अवलंबून असते. ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी सर्वांत दूर जाते, भांगाच्या दिवसांत कमी. भरती परतायच्या आत खेळ संपवावा लागतो. पेंडाइनच्या विक्रमवीरांनाही हाच नियम पाळावा लागत असे.

१०/
पण बैल म्हणजे इंजिन नव्हे. काठीला लावलेली आर, चाबूक, शेपटी पिरगळणे : हे प्रकार न्यायालयापुढे आले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूसह बैलगाडी शर्यतींवर बंदी घातली. न्यायालयाचा एक मुद्दा शरीररचनेचा होता : बैल ओढकामाचा प्राणी आहे, घोड्यासारखा धावण्यासाठी घडलेला नाही. तो धावतो तो भीतीने आणि वेदनेने. शर्यतीचा छंद असणाऱ्याला हे वाक्य टोचते, आणि ते टोचायलाच हवे.

११/
जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने अटींसह परवानगी दिली. काही दिवसांतच तिला स्थगिती मिळाली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने स्वतःचा दुरुस्ती कायदा केला. प्राण्याला इजा केल्यास ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद, धावण्याचे अंतर जास्तीत जास्त १,००० मीटर. पण उच्च न्यायालयाने शर्यती रोखल्या. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मुभा दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले.

१२/
त्याच २०२१ च्या जुलैत दुसऱ्या एका छंदालाही कायद्याची चौकट मिळाली. ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम आले. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे, नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, देखभाल एवढ्यासाठीच. कोल्हापूरच्या शाही दसऱ्यात राजघराण्याची जुनी मेबॅक निघते, तेव्हा लोक ती पाहायला जमतात. तिच्यातून कुठे पोहोचण्याची घाई कोणालाच नसते.

१३/
इथे दोन्ही इतिहास भेटतात. ट्रॅक्टरने बैलाचे काम घेतले, नव्या मोटारीने जुन्या मोटारीचे. काम गेले की वस्तू भंगारात आणि जनावर बाजारात जाते. वाचवतो तो छंद. शर्यतीचे समर्थक हेच सांगतात : शर्यत नसेल तर खिलार कोण पोसणार? २०१९ च्या पशुगणनेत देशी गोवंश आधीच्या गणनेपेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी घटलेला दिसला. त्यांच्या युक्तिवादात तथ्य आहे. पण तो अर्धाच आहे.

१४/
कारण छंदाची किंमत दोन्हीकडे सारखी नाही. जुन्या गाडीचे इंजिन तापले तर मालकाचा खिसा हलका होतो. बैल थकला तर ती किंमत बैलच चुकवतो. म्हणून १,००० मीटरची मर्यादा आणि चाबकावरील बंदी हे परवान्याच्या कागदावरचे बारीक अक्षर नव्हे. त्यांच्यावरच या परंपरेचा हक्क उभा आहे. अटी पाळल्या गेल्या, तरच ‘वारसा’ हा शब्द टिकेल.

१५/
ज्या बुद्ध सर्किटने २०११ मध्ये नवे युग सुरू केले, तिथे फॉर्म्युला वन फक्त तीन वर्षे झाली. २०१३ नंतर करांचे वाद आणि आयोजकांची आर्थिक ओढाताण यांत ती थांबली. पाच किलोमीटरचा बांधीव ट्रॅक फॉर्म्युला वनविना राहिला आणि ज्या खेळावर त्याच वर्षी गदा आली होती, तो बारा वर्षांनी घटनापीठाचा निकाल घेऊन उभा राहिला. शर्यत जमिनीवर किंवा पैशावर जगत नाही. ती पाहायला येणाऱ्या माणसांवर जगते. या हंगामात पुळणीवर गेलात, तर निकालाआधी एकदा गाडीवानाच्या हाताकडे पाहा. काठी आहे की नाही, हे पाहणे हीसुद्धा प्रेक्षकाची जबाबदारी आहे.