तलावांतील जलवनस्पती (चंद्रपूर–गडचिरोली)

सूरजागडच्या डोंगराळ एटापल्ली तालुक्यापासून चंद्रपूरच्या सपाटीपर्यंतच्या तलावांत आढळणाऱ्या पाणवनस्पती. या भागातील ‘मामा तलाव’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव. मालगुजारी 1950 च्या कायद्याने संपली, नाव राहिले.

ओळख पानांवरून पटते. कमळाचे पान गोल, अखंड असते, पाण्याच्या वर उचललेले असते आणि त्यावर थेंब ठरत नाही. कुमुदाच्या तरंगत्या पानाला देठापाशी खाच असते. शिंगाड्याची चौकट आकाराची दातेरी पाने झुबक्याने तरंगतात, त्यांचे देठ फुगीर असतात. बुडीत वनस्पतींत मात्र गल्लत होते. हायड्रिलाच्या पेरापेराला साध्या पानांचे वलय असते व पानांची कड खरखरीत लागते. सेराटोफायलमचे पान दुभंगत जाते आणि त्याला मुळेच नसतात. व्हॅलिस्नेरियाची पाने फितीसारखी, थेट बुडातून निघतात.

यांना सरसकट तण म्हणणे चूक आहे. मासे त्यांत अंडी घालतात, पाणपक्षी त्यांवर जगतात. ढीवर मासेमार हे जाणतात. खरे उपद्रवी दोन, दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले : काठावरची गुलाबी फुलांची बेशरम आणि जलपर्णी. फुगीर स्पंजी देठ व जांभळी फुले ही जलपर्णीची खूण. चंद्रपूर शहरातील रामाळा तलाव तिने वेळोवेळी झाकला आहे. सांडपाण्यातील नत्र-स्फुरदावर ती फोफावते, म्हणून नाले न रोखता केलेली सफाई टिकत नाही. शिवाय तिचे बी गाळात अनेक वर्षे जिवंत राहते.