डिस्क-साधनांवरील अनिवार्य प्रवेश-नियंत्रण

डिस्कचे विभाग पाडणारी, तिच्यावर फाइल सिस्टीम उभारणारी आणि बिघडलेली फाइल सिस्टीम दुरुस्त करणारी साधने कोणी चालवावीत, ती कोणत्या उपकरणाला हात लावू शकतात आणि कोणत्या नाही, हे ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलमध्येच ठरवून देणारी सुरक्षा-व्यवस्था. रूट या सर्वाधिकारी खात्याने चालवलेल्या प्रोग्रामलाही हे नियम लागू असतात. लिनक्सवर ही व्यवस्था मुख्यतः एसईलिनक्समधून मिळते. अँड्रॉइड फोनमध्ये एसईलिनक्स कायम चालू असल्याने धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील गावोगावच्या हातांत ती पोचलेली आहे.

पार्श्वभूमी : युनिक्सच्या जुन्या पद्धतीत फाइल कोणी वाचावी हे फाइलचा मालक ठरवतो आणि रूटला सगळी दारे उघडी असतात. अमेरिकी संरक्षण खात्याच्या 1983 च्या ‘ऑरेंज बुक’ या मानकाने मालकाच्या मर्जीवरचे नियंत्रण आणि संस्थेच्या धोरणाने लादलेले अनिवार्य नियंत्रण असे दोन प्रकार स्पष्ट केले. अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीने डिसेंबर 2000 मध्ये एसईलिनक्स खुले केले. 2003 मध्ये ते लिनक्सच्या 2.6 कर्नलमध्ये सामील झाले आणि 2005 च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 4 पासून व्यावसायिक सर्व्हरवर आले. स्मॅक, टोमोयो आणि ॲपआर्मर या त्याच गरजेतून आलेल्या इतर व्यवस्था होत.

डिस्क-साधनांचे वेगळेपण : एसईलिनक्स प्रत्येक प्रोग्रामला आणि प्रत्येक फाइलला लेबल देते, आणि कोणत्या लेबलच्या प्रोग्रामने कोणत्या लेबलच्या फाइलचे काय करावे याची यादी, म्हणजेच धोरण, कर्नल पाळतो. फाइलचे लेबल फाइल सिस्टीममध्येच साठवलेले असते. जो प्रोग्राम फाइल न उघडता थेट डिस्कचे ब्लॉक वाचतो, त्याच्या वाटेत ही लेबले येतच नाहीत. पासवर्डची फाइल असो वा खातेदारांची नोंद, त्याच्या दृष्टीने सगळे नुसते बाइट. असा प्रोग्राम लेबलही पुसू शकतो आणि नवे लिहू शकतो. त्यामुळे कच्ची डिस्क मोकळी राहिली, तर फाइलींवरचा बाकीचा सगळा पहारा व्यर्थ जातो. या व्यवस्थेचे खरे महत्त्व येथे आहे.

कार्यपद्धती : एसईलिनक्सच्या संदर्भ-धोरणात डिस्क-साधनांसाठी ‘एफएसॲडम_टी’ हे स्वतंत्र कार्यक्षेत्र, म्हणजे चालत्या प्रोग्रामचे लेबल, आहे. एमकेएफएस, एफडिस्क, पार्टेड, ट्यून२एफएस, ई२एफएससीके यांसारख्या साधनांच्या फाइलींना ‘एफएसॲडम_एक्झेक_टी’ हे लेबल असते. सिस्टीम सुरू करणारा प्रोग्राम किंवा प्रशासकाची ठरलेली भूमिका यांनी ते साधन चालवले, की प्रक्रिया आपोआप या कार्यक्षेत्रात शिरते. आतल्या डिस्कच्या उपकरण-फाइलीला ‘फिक्स्ड_डिस्क_डिव्हाइस_टी’ हे लेबल असते आणि ती वाचण्या-लिहिण्याची मुभा मोजक्याच कार्यक्षेत्रांना मिळते. धोरणातील ‘नेव्हरअलाऊ’ नियम ही मुभा चुकूनही दुसऱ्याला दिली जाऊ नये याची खात्री धोरण तयार होतानाच करतो. फाइल सिस्टीम जोडणारे माउंट आणि तार्किक विभाग सांभाळणारे एलव्हीएम या साधनांची कार्यक्षेत्रे वेगळी आहेत.

समजा, एखाद्या पतसंस्थेच्या सर्व्हरवरील वेब-सेवेत छिद्र सापडले आणि हल्लेखोराला रूटचा अधिकारही मिळाला. तरी त्याची प्रक्रिया वेब-सेवेच्याच कार्यक्षेत्रात अडकलेली असते. तेथून तिने डिस्कची उपकरण-फाइल उघडू पाहिली, तर कर्नल नकार देतो आणि ऑडिट लॉगमध्ये ‘एव्हीसी डिनाइड’ ही ओळ उमटते. प्रशासकाला हल्ल्याचा सुगावा या ओळीतून लागू शकतो.

साधनांपासूनचा धोका : ही साधने स्वतःही निर्दोष नसतात. 2019 मध्ये ई२एफएससीके या तपासणी-साधनात असा दोष आढळला, की मुद्दाम बिघडवलेले ईएक्सटी४ विभाजन तपासायला दिले, तर हल्लेखोराचा कोड चालवता येऊ शकत होता. तपासणी बहुधा रूटच्या अधिकाराने होते. म्हणून तपासणाऱ्या साधनालाही मर्यादा घालावी लागते.

अँड्रॉइड आणि धाराशिव जिल्हा : अँड्रॉइडच्या 4.3 या आवृत्तीत (2013) एसईलिनक्स केवळ नोंद ठेवण्यापुरते आले. 4.4 मध्ये ते मोजक्या सेवांवर सक्तीचे झाले आणि त्यांत साठवणूक सांभाळणारी ‘व्होल्ड’ ही सेवा होती. 5.0 पासून (2014) सक्ती सर्वत्र लागू झाली.

फोनमध्ये मेमरी कार्ड घातले, की व्होल्ड कामाला लागते. ती प्रथम ‘एसजीडिस्क’कडून कार्डाचे विभाग वाचून घेते, ‘ब्लकआयडी’कडून फाइल सिस्टीम ओळखून घेते, मग ‘एफएससीके’ प्रकारच्या साधनाने तपासणी करून कार्ड जोडते. कार्ड कोणत्या संगणकातून काय घेऊन आले आहे हे फोनला माहीत नसते. म्हणून ओळख आणि तपासणी ही दोन्ही कामे ‘ब्लकआयडी_अनट्रस्टेड’ आणि ‘एफएससीके_अनट्रस्टेड’ या वेगळ्या कार्यक्षेत्रांत होतात. धोरणाच्या नेव्हरअलाऊ नियमांनुसार एफएससीके_अनट्रस्टेडला फोनच्या बूट, सिस्टीम, रिकव्हरी आणि वापरकर्त्याच्या माहितीच्या विभागांना हात लावता येत नाही. या कार्यक्षेत्रात शिरण्याची वाटही केवळ व्होल्डमार्फतच आहे. फोन उत्पादकाने हे नियम पाळले आहेत की नाही, हे अँड्रॉइडच्या सुसंगतता-चाचणीत तपासले जाते.

धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परांडा आणि वाशी या आठही तालुक्यांत याचे मोल रोजच्या व्यवहारातले आहे. महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी राज्यभर लागू झाली आणि सोयाबीन, तूर वा हरभऱ्याच्या पिकाची नोंद शेतकरी स्वतः बांधावरून, फोनने फोटो काढून करू लागला. सातबाऱ्यावर जाणारी ही नोंद, बँकेचे ॲप आणि आधारची कागदपत्रे एकाच फोनवर असतात. गाणी भरून आणलेले कार्ड त्याच फोनमध्ये घातले जाते. त्या कार्डातला बिघाड तपासणीच्या टप्प्यावरच थोपवावा, यासाठी ही तटबंदी आहे.

मर्यादा : अनिवार्य नियंत्रण परवानगी असलेली चूक रोखत नाही. प्रशासकाने चुकीच्या डिस्कवर फाइल सिस्टीम उभारणारे एमकेएफएस चालवले, तर नियम आडवे येत नाहीत आणि माहिती जाते. अनेक सर्व्हरवर प्रशासक ‘अनकन्फाइन्ड’ या जवळजवळ मोकळ्या कार्यक्षेत्रात काम करतात. तेथे नियमांचा लाभ मुख्यतः सेवांपुरताच राहतो. कर्नलमध्येच दोष असेल, तर हा पहारा टिकत नाही. फोन रूट करताना एसईलिनक्सचे धोरण बदलले किंवा सक्ती काढली जाते, तेव्हा वर वर्णन केलेली विभागणी ढासळते.

मूल्यमापन : सेवा अडली, की एसईलिनक्सच बंद करण्याची सवय लहान कार्यालयांत सर्रास दिसते. ती घातक आहे. अडचण आली, तर ऑडिट लॉगमधील नकाराची ओळ वाचावी, लेबल चुकले असल्यास ‘रिस्टोअरकॉन’ने पूर्ववत करावे आणि खरोखर गरज असेल तेवढाच एक नियम वाढवावा. चाचणीपुरता ‘परमिसिव्ह’ हा केवळ नोंद ठेवणारा प्रकार वापरून पुन्हा सक्ती चालू करावी. शेतकऱ्याच्या नोंदी आणि ठेवीदाराच्या पैशांचा हिशेब सांभाळणाऱ्या प्रत्येक यंत्रावर हे नियंत्रण चालू असलेच पाहिजे, आणि त्याच्या जोडीला रोजचा बॅकअपही हवा. कारण नियंत्रण घुसखोराला अडवते, गेलेली माहिती मात्र बॅकअपच परत देतो.