उत्तराचे रकाने

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. तीतील मणी कोणत्या क्रमाने ओवले आहेत हे प्रथम संपूर्णपणे दाखविले ते केंब्रिजच्या फ्रेडरिक सँगर यांनी, इन्शुलिनच्या बाबतीत, १९५५ च्या सुमारास. दहा वर्षांनी अमेरिकेत मार्गारेट डेहॉफ या विदुषींनी अशा ६५ प्रथिनांचे क्रम एका ग्रंथात छापले. दर मण्यास एक रोमन अक्षर देण्याचा प्रघातही त्यांचाच. दोन ओळी शेजारी मांडून डोळ्यांनी पाहण्याचा तो काळ. या पाहण्याचे मोल लहान नव्हते. माकडांत अर्बुद उत्पन्न करणाऱ्या एका विषाणूचे प्रथिन मनुष्याच्या रक्तबिंबिकांतील वाढकारक प्रथिनाशी जुळते, हे १९८३ साली क्रमांच्या तुलनेनेच उघडकीस आले.

पुढे क्रमांचा संग्रह अफाट वाढला. १९९० साली आल्टशुल, गिश, मिलर, मायर्स व लिपमन यांनी 'ब्लास्ट' ही शीघ्र शोधपद्धती प्रसिद्ध केली. तिचे उत्तर मोठे वाचनीय असे: वर आपली ओळ, खाली सापडलेली, आणि मध्ये जुळलेली अक्षरे, अक्षर निराळे परंतु स्वभावाने जवळचे असेल तेथे अधिकचे चिन्ह. पण हजारो प्रथिने एकदम विचारू लागल्यावर ही पाने वाचावयाची कोणी? म्हणून कोष्टक आले. आज्ञेत 'आउटएफएमटी ६' असे लिहिले की दर जुळणीस एक ओळ, तीत बारा रकाने: नावे, शेकडा साम्य, लांबी, विजोड अक्षरे, खंड, आरंभ, अंत, आणि शेवटी ई-मूल्य व गुणांक. ई-मूल्य म्हणजे इतकी चांगली जुळणी केवळ योगायोगाने किती वेळा सापडावी, याचा अंदाज.

फसगत होते ती येथेच. शेकडा ९० साम्य पाहून आपण हर्षित व्हावे, आणि ते ६०० अक्षरांपैकी ३० पुरतेच असावे! विचारलेल्या प्रथिनाची एकूण लांबी त्या बारांत नाहीच. ती हवी तर '६ एसटीडी क्यूलेन' असे मागावे लागते. जुळलेली अक्षरेही 'क्यूसेक' व 'एससेक' मागितल्यासच येतात. न मागणारा पहिल्या ओळीतील नाव आपल्या प्रथिनास चिकटवितो, ते संग्रहात जाते, आणि तेथून दुसरा ते विश्वासाने उचलतो.

२०१८ साली काही संशोधकांनी आणखी एक गैरसमज दाखविला. उत्तरांची कमाल संख्या १ ठेवली की सर्वोत्तम तेच मिळते, असे पुष्कळांनी गृहीत धरले होते. वस्तुतः ती मर्यादा शोध चालू असतानाच लागू होते. दाखविलेले उदाहरण प्रणालीतील दोषामुळे घडले, असे उत्तर तिच्या चालकांनी दिले व तो दोष दुरुस्तही केला. तथापि पाचांहून कमी उत्तरे मागितल्यास निदान पाच तरी तपासावीत, असा इशारा आता ती प्रणाली स्वतःच छापते.